खात्रीचा रंग

"रंगाच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवू शकत नाही," असं भावजी छाती काढून सांगत, आणि समोरच्याने मान डोलावली की पाय पुढे करून म्हणत, "मोजे सोडून." एक मोजा तपकिरी असे, दुसरा निळा.

खरं तर ते एकट्या वहिनींचे भावजी. पण पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळी गल्ली त्यांना भावजीच म्हणे, आणि सगळ्या गल्लीने त्यांच्या थट्टेचा प्रसाद खाल्लेला. वहिनींच्या साखरेच्या डब्यात रबरी पाल ठेवणं, आवाज बदलून फोनवर त्यांना दमात घेणं, हे तर त्यांच्या रोजच्या व्यायामासारखं होतं. वहिनीही काही कमी नव्हत्या. ती रबरी पाल त्यांनी भावजींच्या बुटात परत केली होती.

भावजींचा धंदा जुन्या व्हिडिओ कॅसेटी काँप्युटरवर उतरवून द्यायचा. दुकान म्हणजे वहिनींच्या घराची मागची खोली. तिथे भर दुपारीही जाड पडदे ओढलेले असत, कारण उन्हात स्क्रीनवरचा रंग खोटं बोलतो. आणि गिऱ्हाइकाला एक अट असे: कॅसेटमध्ये दिसणारी एखादी वस्तू सोबत आणायची. बादली, फ्रॉक, काहीही. ती खुर्चीवर दिव्याखाली ठेवायची आणि स्क्रीनवरची वस्तू तिच्याशी जुळेपर्यंत काँप्युटरवरच्या रंगाच्या पट्ट्या सरकवायच्या. याला ते 'खात्रीचा रंग' म्हणत. एका गृहस्थाने वस्तू म्हणून सासूबाईंनाच आणलं होतं. भावजींनी त्यांना तासभर खुर्चीत बसवून ठेवलं आणि वर जावयाला विचारलं, "मूळ प्रत इतकीच रागीट होती का हो?"

त्या दुपारी कॅसेट घेऊन आल्या त्या खुद्द वहिनी. कॅसेटमध्ये दादा होता, भावजींचा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. बागेतल्या खुर्चीवर बसलेला, मांडीवर वर्षाची मुलगी. एखादं गाणं वाजून संपेल एवढंच चित्रण. त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा गेला. मुलगी आता मोठी होऊन परगावी नोकरी करत होती. बाप तिने फोटोतच पाहिलेला. हलताना, हसताना कधी नाही. आज संध्याकाळच्या गाडीने ती येणार होती.

"रंग नीट आला पाहिजे, भावजी," वहिनी म्हणाल्या. "तिला बाप बघू दे. भूत नको."

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर एक लाल स्वेटर टाकला. त्यांनीच विणलेला. चित्रणात दादाच्या अंगावर तोच होता.

कॅसेटला पांढरी बुरशी धरली होती. भावजींनी ती हलक्या हाताने पुसली. फीत आणखी किती फेऱ्या सोसेल याचा काही भरवसा नव्हता. आवाजाची तार त्यांनी नेहमीप्रमाणे खिळ्यालाच लटकत ठेवली. आधी रंग, मग आवाज, हा त्यांचा शिरस्ता. मग त्यांनी कॅसेट आत सारली. यंत्राने घरघर करत ती गिळली. खोलीत तापलेल्या धुळीचा वास पसरला.

चित्र आलं ते राखाडी. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. काँप्युटर भलत्याच देशाच्या टीव्हीच्या रंगपद्धतीवर लावलेला होता. तो बदलताच बाग हिरवी झाली. मग कडांवर रंग मुंग्यांसारखे वळवळायला लागले. पिवळ्या टोकाची तार काढून भावजींनी दुसरी जोडली, उजेड आणि रंग वेगवेगळे वाहून आणणारी. मुंग्या गेल्या. गवत, बादली, दोरीवरचे कपडे, सगळं जिथल्या तिथे आलं.

राखाडी राहिले ते दोघंच. दादा आणि त्याच्या मांडीवरची पोर. वर्तमानपत्रातून कापून बागेत चिकटवल्यासारखे.

भावजींनी फीत दुसऱ्या कॅसेटच्या डबीत घालून पाहिली, यंत्राचं फीत वाचणारं डोकं पुसलं, तारा उलटसुलट केल्या. बुरशी लागली तर चित्राचा पट्टाच्या पट्टा जातो. दोन माणसं तेवढी नेमकी निवडून कशी जातील? नंतर काँप्युटरवर रंग ओढूनताणून बसवता येतो, पण तो ओढूनताणून बसवल्यासारखाच दिसतो. त्यांनी दिवा स्वेटरकडे वळवला आणि लाल रंगाची पट्टी हळूहळू पुढे सरकवली.

दादाच्या खांद्यावर लाली चढली. मग छातीवर, मग बाह्यांवर. अगदी हुबेहूब!

"शाब्बास रे पठ्ठ्या," असं स्वतःलाच म्हणत भावजी ताडून बघायला खुर्चीकडे वळले. तिथे लटकत होता तो स्वेटर राखाडी होता.

त्यांनी दिवा हलवला. पडदा सारून स्वेटर उन्हात धरला. चुलीतल्या राखेसारखा. पट्टी मागे ओढून पाहिली. स्क्रीनवरचा लाल तसाच राहिला आणि खुर्चीवरचा परत आला नाही.

इथेच शहाण्या माणसाने यंत्र बंद करून चहा प्यायला जावं. पण भावजी शहाणे असते तर ही गोष्ट कशाला सांगावी लागली असती? स्क्रीनवर लाल स्वेटरच्या वर भावाचा चेहरा अजून मातकट होता. तो भाऊ होता. आणि दोघांची कातडी एकाच साच्यातली, तसूभर फरक नाही, असं आई नेहमी म्हणे. भावजींनी पडदा पुन्हा ओढला, फीत मागे घेतली आणि आपला डावा हात दिव्याखाली, स्क्रीनला लागून धरला. दुसऱ्या हाताने पट्टी सरकवली.

दादाच्या गालांवर रक्त आलं. ओठ ओले दिसायला लागले.

भावजींची बोटं गार पडली.

हात ओढून घेतला तेव्हा तो मनगटापर्यंत राखाडी झाला होता. नखंसुद्धा. चिमटा घेतला तर कळेना. आणि स्क्रीनवर... पहिल्या फेरीत दादा पोरीकडे बघून हसत होता. आता त्याने मान वळवली होती. तो बघत होता खोलीतल्या, दिव्याखालच्या खुर्चीकडे. रिकाम्या. मांडीवरची पोर अजून राखाडीच होती आणि तिला थोपटत तो ओठ हलवत होता. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. आवाजाची तार खिळ्याला लटकत होती.

भावजींनी बटण दाबलं, यंत्र थांबेना. मग भिंतीतला प्लगच उपटला आणि स्वेटर उचलून ते घरात पळाले.

वहिनी ओट्यापाशी कप विसळत होत्या.

"वहिनी... हा बघा."

त्यांनी ओल्या हातांनी स्वेटर चाचपला. "हा कुठून पैदा केलात? माझा लाल द्या बरं मुकाट्याने."

"हाच आहे तो. शिवण बघा, तुमचीच आहे. आणि हा हात..."

"राख फासलीत? या वयात?" त्यांनी तो हात नळाखाली धरून खसाखसा चोळला. राख निघाली नाही. "कसला रंग लावलाय हा? जाईल ना आठवडाभरात?"

"दादाची शपथ घेऊन सांगतो. ती कॅसेट रंग घेते. समोर जे ठेवाल त्याचा. आता चित्रातल्या पोरीचा तेवढा यायचा उरलाय." त्यांनी राखाडी हात मागच्या खोलीकडे केला. "तिला त्या खोलीत पाठवू नका. संध्याकाळी आली की परस्पर बाहेर कुठे तरी न्या. मी... मी कॅसेट जाळून टाकतो."

वहिनींनी कप उपडा ठेवला. हसू दाबायला त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. मागच्या खोलीकडून यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"प्लग काढलाय मी," भावजी पुटपुटले.

"छान जमवलंय. संध्याकाळी कशाला, ती लवकरच्या गाडीने आली सुद्धा. मघाशी खिडकीतून मला हात करून मागच्या दारानेच आत गेली, तुम्ही इकडे यायला आणि ती तिकडे जायला एकच वेळ झाली. बसलीये तुमच्या त्या खुर्चीत." मग वहिनींचं हसू विरलं. नवरा लेकीला लाडाने ज्या नावाने हाक मारायचा आणि तो गेल्यापासून जे त्या घरात कुणी तोंडातून काढलं नव्हतं, ते त्यांनी हळूच उच्चारलं. "बाकी सगळं चालवून घेतलं मी, पाल, फोन, ही राखसुद्धा. पण आतून तिला 'ठमे' म्हणून हाक मारायला नको होती तुम्ही, भावजी. हुबेहूब त्यांच्या आवाजात."