कमानीतली मडकी

हिवाळ्याच्या तोंडावरच्या संत मार्टिनच्या सणाला दोन दिवस उरले होते, तेव्हाची ही गोष्ट. गिस्ला कुंभारीण सकाळची कामं उरकून मठाच्या नव्या चर्चकडे निघाली होती, पेंढ्याचे बोळे परत आणायला. काम अगदी साधं. पाठीवर सात महिन्यांचा मिरो, हातात रिकामी टोपली, आणि खोऱ्यात असं धुकं की पाय कुठे पडताहेत ते पायांनाच विचारावं. मिरोच्या डाव्या पायात करडाच्या गळ्यातली छोटी घंटी बांधली होती. दर पावलाला ती किणकिणायची. थांबली की गिस्लाही थांबायची, हात मागे नेऊन पोराच्या नाकाखाली बोट धरायची, ऊब लागली की पुढे चालायची.

घंटी हौसेची नव्हती. अकरा दिवस झाले, मिरोच्या तोंडून आवाज फुटला नव्हता. रडायचा तो. तोंड वासायचा, चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांतून धारा लागायच्या, आणि एवढ्या सगळ्यात घरात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. असं पोर शेजारच्या खोलीत गुदमरलं तरी आईला कळायचं नाही. म्हणून घंटी.

आणि हे आपल्यामुळे झालं, हे गिस्लाला ठाऊक होतं.

तिचा नवरा सुन्येर याने उन्हाळाभर चर्चसाठी मडकी घडवली होती. साधूंचं गाणं दगडात बुडून जाऊ नये म्हणून छताच्या कमानीत मडकी बसवतात, पोट दगडात आणि तोंड खाली. आवाज आत शिरतो, घुमतो आणि गोड होऊन परत येतो. पण कुंभारांचा एक रिवाज असतो. नवं मडकं जो आवाज पहिल्यांदा ऐकतं, तो ते ठेवून घेतं. म्हणून भट्टीतून निघाल्याबरोबर त्याच्या तोंडात पेंढ्याचा बोळा कोंबायचा, आणि तो काढायचा थेट छतात, साधूंची पहिली प्रार्थना सुरू होताना. काढलेले बोळे कुंभाराने परत आणून भट्टीत जाळायचे.

गिस्ला चौदा वर्षांची होईपर्यंत साध्वींच्या मठात शिकलेली. स्तोत्रं वाचता येत होती, थोडं लिहिताही येत होतं. बोळ्याची गोष्ट तिला अडाणीपणाची वाटली होती. त्यात मिरोला दात येत होते. रात्र रात्र रडायचा, आणि प्रत्येक रडण्याच्या शेवटी दोन उचक्या द्यायचा, खाली सही केल्यासारख्या. एका दुपारी तिने एका मडक्याचा बोळा काढला आणि पोराला त्याच्या तोंडाशी धरलं. रडणं आत गेलं, गोल होऊन बाहेर आलं. मिरो दचकला. गप्प झाला. कान देऊन ऐकत राहिला. गिस्ला तिथेच भिंतीला टेकून झोपली, कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा.

मग रोजच झालं ते. पोराला मडक्याशी ठेवून आईने झोपावं, असं साध्वींच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पण त्या साध्वींना पोरंही नव्हती.

ते मडकं ओळखणं सोपं होतं. माती ओली असताना तिने मिरोचा अंगठा त्याच्या काठावर दाबला होता. चर्चच्या छतात आपल्या पोराचा ठसा, एवढीच हौस. अकरा दिवसांपूर्वी मडक्यांची गाडी मठाकडे गेली आणि त्याच संध्याकाळी मिरोचा आवाज गेला.

सहाव्या दिवशी तिने सासूला सगळं सांगितलं. एर्मेसेन्दा म्हातारी एरवी चुलीवरचं दूध उतू गेलं तरी गाव गोळा करायची. त्या दिवशी मात्र ओरडली नाही.

"शिकलेल्या बाईला बोळा कशाला लागतो," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ चेस्टनट सोलत बसली. "फोडू नकोस हं. फोडलं की आत आहे ते मातीबरोबर गेलं. तोंडाला तोंड लाव आणि मागून घे. पण हात हलवत जाऊ नकोस, बदल्यात काहीतरी दे."

"काय देऊ, आई?"

"मला काय विचारतेस? तुझ्या आवाजातलं काहीतरी. आणि उशीर करू नकोस. रिकामं काही रिकामं राहत नाही, बाई. मडकं राहत नाही, घर राहत नाही..." तिची नजर पाळण्याकडे गेली, आणि पुढचं तिने गिळलं.

पण जायचं कसं? छताखाली गवंड्यांची वर्दळ, आणि कुंभाराची बायको परांचीवर चढणार म्हटल्यावर ते गावभर सांगणार. गिस्ला पाच दिवस घाबरत राहिली. मग सुन्येरच म्हणाला, उद्या परांची उतरवणार आहेत, बोळे आणायला हवेत. तिने टोपली उचलली.

चर्चमध्ये पाऊल टाकलं आणि दिवस मागे राहिला. पुरुषभर जाडीच्या भिंती, हातभर खिडक्या. त्यांतून ऊन यायला कचरायचं, धुकं मात्र बिनदिक्कत आत आलं होतं आणि खांबांच्या मधोमध उभं होतं. ओल्या चुन्याचा वास. एकामागे एक गोल कमानी, खोल खोल जाणाऱ्या, जसं कुणाच्या तरी घशात आपण आतून बघतोय.

लानफ्रांक मिस्त्री लांबून, लोंबार्डीतून आलेला. तो एका खांबाच्या माथ्याकडे बघत पाव खात होता. माथ्यावर कोरलेला प्राणी एका माणसाला कमरेपर्यंत तोंडात धरून बसला होता.

"या कुंभारीणबाई. बोळे तिकडे कोपऱ्यात आहेत. हा कसा वाटतो?"

"गिळतोय त्याला."

"मठपतींना सांगितलंय, ओकतोय म्हणून. त्यांना बरं वाटलं." तो हसला. मग त्याला घंटी दिसली. "पोर पळून जातंय की काय?"

ती काही बोलणार तोच वेदीकडच्या तयार भागात साधूंनी दुपारची प्रार्थना सुरू केली. सात-आठच गळे होते, पण छताने ते उचलले आणि सत्तर केले. आवाज खाली आला तो कोमट पाण्यासारखा, खांद्यांवरून ओघळला. गिस्लाला वाटलं, इथेच बसावं. काही मागू नये. प्रार्थना संपली, साधू थांबले, घुमणं हळूहळू विझत गेलं... आणि विझता विझता वर एक बारीक सूर तसाच उरला.

तान्ह्या पोराचं रडणं.

मिस्त्रीचा घास तोंडातच राहिला. त्याने वर पाहिलं, मग मिरोच्या वासलेल्या, मुक्या तोंडाकडे पाहिलं.

"नवा दगड आहे," तो हळूच म्हणाला. "सवय व्हायला वेळ लागतो त्याला."

"मिस्त्री, मला वर जाऊ द्या."

"वेड लागलंय? चुना ओला आहे. एक मडकं हललं तर अख्खी कमान माझ्या नावाने खाली येईल."

"हात लावणार नाही. फक्त बोलणार आहे." तिने टोपली खाली ठेवली. "उद्या परांची उतरली की मग कुणाचाच हात पोचायचा नाही तिथे. माझं पोर आहे हो ते..."

मिस्त्रीने दाराकडे पाहिलं. मग उरलेला पाव त्याने खिडकीत ठेवला. "माणसं जेवायला गेलीत. ती यायच्या आत. शिडी मी धरतो, आणि मी काही पाहिलेलं नाही."

ती चढली. पाठीवर घंटी किणकिणत होती. वर परांचीच्या फळ्या धुक्यात तरंगत होत्या. खालची जमीन दिसेनाशी झाली होती. कमानीच्या पोटात मडक्यांची काळी तोंडं ओळीने उघडी. तिने एकेका तोंडावर तळहात धरला. एक गार. दुसरं गार. तिसऱ्यातून ऊब आली, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

तिने काठावरून बोट फिरवलं. बाहेरून काठ गुळगुळीत होता. बोट आत वळलं आणि एका इवल्याशा खळग्यात बसलं. अंगठा.

आतल्या बाजूला कसा? आपण बाहेरून दाबला होता ना? की आतून? गिस्लाला आठवेना. त्या दिवसांत झोप कुठे होती धड. कुणी विचारलं असतं तर स्वतःचं नावही चुकीचं सांगितलं असतं. आणि खालून ऐकलेल्या रडण्याला शेवटी उचक्या होत्या का? असाव्यात. होत्याच. आणखी कुणाचं पोर छतात रडणार?

तिने मिरोला पुढे घेतलं, त्याचं तोंड मडक्याच्या तोंडाशी नेलं, आणि द्यायला तिच्याकडे जे होतं ते दिलं. तिच्या आईने तिला म्हटलेली अंगाई. मीठ घेऊन खेचर आलं, घाट उतरून दारी थांबलं... पहिल्यापासून शेवटपर्यंत, हळू, चुना ऐकेल इतक्याच आवाजात. मडकं एकेक ओळ पीत गेलं. काहीच परत आलं नाही. शेवटची ओळ गेली आणि आतली ऊब एकदम विझली.

मिरोने श्वास घेतला आणि टाहो फोडला.

असा टाहो की खाली मिस्त्रीने शिडीवर डोकं टेकलं. "जिंकलात, बाई," तो म्हणाला. "आता उतरा, नाहीतर मठपती येतील."

घरी एर्मेसेन्दाने नातवाला रडताना पाहिलं आणि स्वतः रडायला लागली. सुन्येरला कुणी काही सांगितलं नाही. पोराचा घसा मोकळा झाला एवढंच त्याला कळलं. सणाला डुक्कर कापलं, शेजारी जेवले. घंटी खुंटीला लागली. मिरो आता मोठ्याने रडायचा, मोठ्याने हसायचा, आणि रात्रभर शांत झोपायचा. आवाज स्वच्छ, गोल, घुमणारा. उचक्या थांबल्या होत्या.

"पोर वाढतंय," सासू म्हणाली. "उचक्यांचा काय शोक करायचा?"

खरंच होतं ते. फक्त अंगाई म्हणायला गेलं की गिस्लाच्या तोंडात खेचर येऊन थांबायचं, आणि पुढे काही म्हणजे काही सुचायचं नाही.

तीन आठवड्यांनी पहिलं बर्फ पडलं. दुपारी सुन्येर मागच्या पडवीतून एक मडकं घेऊन आला आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

"हे बघ काय सापडलं. पेंढ्यामागे ठेवलं होतं मी, विसरूनच गेलो."

"काय आहे?"

"गाडीत चढवताना वाजवून पाहिलं तर तडकलेलं निघालं. बोळा नव्हता, तो कोंबला आणि बाजूला ठेवलं. म्हटलं फोडावं, पण पोराचा अंगठा आहे त्यावर. तूच केलास ना?"

तिने पाहिलं. काठावर, बाहेरच्या बाजूला, अंगठा. आतून काठ गुळगुळीत.

"सुन्येर... असा ठसा दुसऱ्या कुठल्या मडक्यावर होता?"

"नाही गं. माझ्या हातून गेलंय प्रत्येक. हा एकच." आणि तो लाकडं आणायला बाहेर पडला. सासू केव्हाच शेजारी गेली होती.

गिस्लाने पाळण्यातून मिरोचा हात उचलला आणि अंगठा त्या ठशावर ठेवला. नेमका बसला. मिरो तिच्याकडे पाहत होता, अगदी शांतपणे.

तिने बोळा ओढला.

आधी वाटलं, काहीच नाही. मग तडकलेल्या मातीच्या तळाशी, फार खालून, रडणं ऐकू आलं. घसा बसलेलं. कुणी येत नाही हे कळल्यावर पोरं रडतात, तसं. आणि शेवटी दोन उचक्या.

तिने दोन्ही हातांनी मडकं छातीशी धरलं. परत मागायचं म्हणजे बदल्यात द्यायला हवं. काय द्यायचं? आणि परत मिळालेलं ठेवायचं कुठे, पाळण्यात जागा कुठे होती...

मागे पाळण्यात गाणं सुरू झालं. शब्द नव्हते, नुसता सूर. मीठ घेऊन आलेलं खेचर, घाट, दार, सगळं जागच्या जागी, एक वळण न चुकता. तान्ह्या गळ्यातून, गोल, कोमट, खांद्यांवरून ओघळणारं. किती दिवसांनी ऐकत होती ती! तिचे डोळे जड झाले. बाहेर बर्फ आवाज न करता पडत होतं. भिंत पाठीला लागली...

जाग आली तेव्हा खिडकीतला उजेड निळा झाला होता. मडकं मांडीवर तसंच होतं. त्याच्या तोंडात बोळा होता, घट्ट कोंबलेला. तिच्या बोटांना पेंढ्याचा भुसा लागलेला होता.

पाळण्यात सूर अजून चालूच होता.

तिने बोळा पुन्हा काढला. या वेळी आत आवाज नव्हता. तिने घाबरून काठावरून बोट फिरवलं आणि ते आत वळवलं. दुपारी तिथे गुळगुळीत भाजलेली माती होती, हे तिला पक्कं आठवत होतं. या एका गोष्टीबद्दल तिला शंका नव्हती. आता तिथे चार बारीक खळगे होते, शेजारी शेजारी. आतून कुणीतरी काठ धरून ठेवावा, तसे.

गिस्ला उठली. खुंटीवरची घंटी काढली आणि मडक्याच्या गळ्यात बांधली. मग श्वास रोखून वाट पाहत राहिली.

घंटी एकदा किणकिणली.

पाळण्यातलं गाणं थांबलं.