दोन मिलिमीटरची माया

पोस्टात पार्सलच्या खिडकीतल्या बाईंना ऐकू कमी येत होतं, म्हणून तिने आपल्या पार्सलचा नंबर मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून सांगितला.

"तीन, दोन, तीन... तीन, तीन, चार..."

आणि शेजारच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाने मान मागे टाकून आ वासला. साधासुधा नाही, पार अक्कलदाढ दिसेल एवढा.

त्याच्या खिडकीतला कारकून पावती धरून तसाच थबकला. "साहेब, पावती हातात घ्या. तोंडात भरवायची सोय नाही आमच्याकडे."

रांगेत हशा पिकला. माणसाने गपकन तोंड मिटलं, पण तेवढ्यात तिला दिसलं होतं. वरचा डावा सुळा, जरासा आडवा, शेजारच्या दातावर खांदा टेकून उभा असल्यासारखा. हा सुळा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. त्याच्याभोवतीचा चेहरा मात्र ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती.

"तुम्ही..."

"तुम्हीच का त्या?" तो म्हणाला. "हिरव्या कापडावरच्या?"

ती दातांची डॉक्टर. पण दात काढायची नाही, मोजायची. हिरड्यांचा आजार आणि रक्तातली साखर यांचं नेमकं साटंलोटं काय, यावर तिच्या दवाखान्यात वर्षभराचा अभ्यास चालू होता. साखर वाढली की हिरड्या सडतात, हिरड्या सडल्या की साखर आवरत नाही. दोघी एकमेकींना बिघडवतात आणि मधल्या मध्ये माणूस जातो. तिचं काम एवढंच, की दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत बारीक सळई घालायची आणि ती किती मिलिमीटर आत गेली ते मोठ्याने सांगायचं. समोर बसलेल्या काकू ते लिहून घेत. तीनपर्यंत ठीक. पाचच्या पुढे गेलं तर त्या माणसाचं रक्त लगेच तपासायचं, असा नियम.

आणखीही एक नियम होता. माणसाचा चेहरा बघायचा नाही. खुर्चीतल्या माणसावर हिरवं कापड टाकलेलं असे, तोंडापुरतं भोक ठेवून. "चेहरा दिसला की दया येते," मोठ्या मॅडम म्हणायच्या, "आणि दया आली की मोजमाप बोंबलतं." मॅडमना कधी कुणाची दया आल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांना पाठीमागे सगळे फुटपट्टी म्हणत.

"सवय लागली हो," तो पावती खिशात घालून तिच्याबरोबर चालू लागला. "तुमचा आवाज आला की जबडा आपोआप उघडतो. आज सगळ्यांसमोर अब्रू गेली."

"मी तुम्हाला ओळखता कामा नये," ती म्हणाली.

"मग ओळखू नका. चहा घ्या. अनोळखी माणसाबरोबर."

तो ट्रम्पेट वाजवायचा, शहराच्या बँडमध्ये. बागेतल्या कार्यक्रमांत, शाळांच्या समारंभांत... जिथे फुंकायला बोलावतील तिथे. चहात साखर ढवळताना म्हणाला, "अभ्यासात मी उगाच नाव नाही दिलं. घरी साखरेनं..."

तिने दोन्ही कानांत बोटं घातली. "सांगू नका! तुम्हाला साखर आहे की नाही हे मला कळता कामा नये!"

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आपला चहा जरा लांब सरकवला.

"माझं नाही, बाबांचं सांगतोय," तो हलकेच म्हणाला. तिची बोटं खाली आली. "आधी पाय गेला. मग बाबा गेले. आम्ही सगळे त्यांच्या पायाकडे बघत राहिलो. दात तर कितीतरी आधीपासून पडत होते. कुणी विचारलंच नाही."

त्याने कपाची कड बोटाने पुसली, आणि मग हसला. आडवा सुळा पुन्हा दिसला.

"एक सांगू? तुम्ही आकडे गाता. तीन मध्यम, दोन जरा वर. तुमचा चार मात्र थोडा पडतो. रियाज करा."

दुसऱ्या दिवशी ती मॅडमना सांगायला गेली, की एका माणसाशी ओळख झाली आहे, त्याला दुसऱ्या कुणीतरी मोजावं. मॅडम फोनवर होत्या. तिसऱ्या दिवशी गेली तेव्हा बैठकीत होत्या. चौथ्या दिवशी मॅडम एकट्याच मोकळ्या बसल्या होत्या, तर हिचेच पाय वळले नाहीत. ओळख सांगितली तर तो दुसऱ्या खोलीत जाणार. मग तो सुळा...

पुढच्या तपासणीपर्यंत चार चहा झाले. चौथ्याला तो म्हणाला होता, "वरचे सूर लागत नाहीयेत हल्ली. ओठ दाबला की पुढचे दात हलल्यासारखे वाटतात."

"थकला असाल," ती म्हणाली होती.

मग तो कापडाखाली आला. तिने सळई हिरडीशी नेली. रक्त आलं. त्याचा हात खुर्चीवर घट्ट झाला, आणि तिचा हात हलका पडला. खोटं तिने काहीच सांगितलं नाही. सळई जिथे थांबली तो आकडा सांगितला. फक्त ती थांबली जरा लवकर.

"तीन... तीन... तीन..."

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "बाई गं, आज अंगाई म्हणतेस का?"

तीन महिन्यांनी, त्याच्या पुढच्या खेपेला, मॅडम अचानक खोलीत आल्या. सगळ्यांचीच फेरतपासणी होती. एकीने मोजायचं, लगेच दुसरीने. तिने मोजलं. "तीन, चार, तीन." मॅडमनी सळई घेतली, टेकवली, आणि नियमात होता तेवढा दाब दिला.

"पाच. सहा. पाच."

काकूंचं पेन थांबलं.

कापडाखालून आवाज आला. "दोघींपैकी कुणाचं धरायचं?"

"बोलू नका," मॅडम म्हणाल्या.

तिने पुढे होऊन त्याच्या चेहऱ्यावरचं कापड काढलं. असं आजवर कुणी केलं नव्हतं. मॅडमनी घाईघाईने डोळे मिटून घेतले.

"मॅडमचं धरायचं," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "माझं चुकलं. मागच्या वेळीही चुकलं असणार. मी ह्यांना ओळखते."

"ते मला अंगाईच्या दिवशीच कळलं होतं," काकू पुटपुटल्या. पण कुणी हसलं नाही.

रक्त त्याच दिवशी तपासलं. पहिल्या खेपेला नसलेली साखर आता भरमसाट होती. मॅडमनी त्याला समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं. साखर औषधाने आटोक्यात येईल. हिरड्यांवर उपचार होतील. पुढचे दात राहतील की नाही, सांगता येत नाही. तीन महिने आधी कळलं असतं तर सांगता आलं असतं. तोवर ट्रम्पेट बंद.

तो निघून गेला. तिच्याकडे बघितलंही नाही.

मग मॅडमनी तिने मोजलेला प्रत्येक माणूस बोलावून पुन्हा मोजला. शेवटी तिला बोलावलं.

"बाकी सगळे आकडे बिनचूक आहेत. एकाच माणसाच्या तोंडात तुझा हात चुकला. आजपासून सळई तुझ्याकडे नाही, लिहायला बस. अभ्यासाच्या दृष्टीने ही गंभीर गोष्ट आहे." मॅडमनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "दुसऱ्या कुठल्या दृष्टीने मला मत नाही. बँडची तालीम शनिवारी असते, असं काकू म्हणत होत्या."

तालमीच्या हॉलमध्ये तो सगळ्यात मागे उभा होता. ट्रम्पेट खुर्चीवर पेटीत बंद. हातात दोरीला लटकलेला छोटासा धातूचा त्रिकोण आणि तो वाजवायची बारकी काठी. सगळा बँड जीव तोडून फुंकत होता आणि एवढा मोठा माणूस एका टिंगसाठी श्वास रोखून उभा होता.

तिला बघितलं आणि टिंग राहिलं.

"अरे, एक काम दिलंय तुला!" बँडमास्तर ओरडले. "एक! पाच मिनिटं सुट्टी सगळ्यांना!"

ती जवळ गेली.

"साखर?" तिने विचारलं.

"उतरतेय. आईने घरातला साखरेचा डबा शेजारी ठेवायला दिला. शेजारी हल्ली चहा फार पितात." तो हसला नाही. "तीन महिने गेले माझे."

"हो."

"वरचे सूर लागत नाहीत, हे तुम्हाला सांगितलं होतं मी."

"ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला तुम्ही... मला तुम्ही ठणठणीत हवे होता."

तो त्रिकोण बोटाने हळूहळू फिरवत राहिला.

"त्या दिवशी तुमचा तीन वेगळा लागला होता," तो म्हणाला. "मऊ. माझ्या कानाला लगेच कळलं. मी कापडाखाली खूश. म्हटलं, बाई प्रेमात पडलेली दिसते."

"प्रेमच होतं ते," ती म्हणाली. "म्हणून तर चुकला."

कुणीतरी कोपऱ्यात ट्रम्पेट पुसत होतं. त्याने तिकडे बघितलं, मग पेटीकडे, मग तिच्याकडे.

"बाबांच्या वेळी घरात सगळ्यांचाच हात हलका होता," तो म्हणाला. "कुणालाच दुखवायचं नव्हतं त्यांना. तसली माया मला नको. जमेल?"

"शिकेन."

"हिरड्या मॅडमच मोजतील. दया नाही, माया नाही. उत्तम बाई." आणि त्याने हात पुढे केला. "बाकीचा माणूस तुमच्याकडे. पण हात हलका नको."

तिने त्याचा हात धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला.

"आई गं..."

"दुखलं?"

"हो!"

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. तेव्हा कुठे तो आडवा सुळा दिसला.