चंद्रावर खारकीचे पाय का दुखले?

पृथ्वीवर खारकीचे वजन जवळजवळ किलोभर भरले असते. चंद्रावर ते एका मोसंबीएवढेच भरत होते. एवढ्या हलक्या प्राण्याच्या तळपायांना जखमा व्हाव्यात तरी कशा?

खारीक ही अकरा वर्षांच्या शाल्मलीची गिनीपिग. चंद्रावरच्या ‘शुक्लपक्ष’ वस्तीत शाल्मली तिच्या आबांबरोबर, म्हणजे जीवशास्त्रज्ञ डॉ. तुळपुळ्यांबरोबर, राहत होती. त्या सकाळी खारीक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसली होती. शाल्मलीने तिला उचलून तिचे पाय पाहिले. गुलाबी तळवे लालभडक सुजले होते, एका टाचेवर खपली धरली होती आणि नखे वळून आकड्यासारखी झाली होती.

“पोडोडर्माटायटिस (तळपायाच्या कातडीचा दाह),” वैद्यकीय यंत्रमानव धन्वा म्हणाला. “नियमाप्रमाणे आजारी प्राणी परतीच्या यानाने पृथ्वीवर पाठवावा लागेल. यान याच आठवड्यात सुटेल.”

“उड्डाणाचे हादरे तिला सोसतील?” शाल्मलीने विचारले.

धन्वाने खारकीची नाडी तपासली. “बहुधा नाही.”

शाल्मलीचे डोळे भरून आले. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “रडू नंतर. आधी बघू. काय काय दिसतंय सांग.”

“नखं वाढलीयेत. पण इथंच एवढी का वाढली?”

“चालताना नखं जमिनीवर घासून थोडी झिजतात. इथं वजनच कमी, त्यामुळे ती घासतच नाहीत. लांब नखं टेकली की बोटं वाकडी होतात आणि सगळा भार टाचेच्या एकाच ठिपक्यावर येतो.”

“म्हणजे भार थोडा असला, तरी तो एकाच जागी!” शाल्मलीने पिंजऱ्याच्या तळाला हात लावला. लोखंडी जाळी होती. “आणि खाली ही टोचणारी तार.”

धन्वाने नखामागे दिवा धरला. उजेडात नखाच्या आत गुलाबी रेघ दिसली. ती नखातली रक्तवाहिनी. आबांनी ती वाचवून फक्त टोके कापली. धन्वाने जखम धुऊन औषध लावले आणि पट्टी बांधली. शाल्मलीने जाळीवर फळी टाकून तिच्यावर मऊ, कोरडे कापड अंथरले, आणि ती ते रोज बदलू लागली.

पण दोन दिवसांनी पट्टी सोडली, तर जखम होती तशीच!

“जखम भरायला शरीराला काय लागतं?” आबांनी विचारले.

“जीवनसत्त्व क. ते नसलं तर नवी कातडी धड तयार होत नाही, असं तुम्हीच शिकवलंत.”

“बरोबर. बहुतेक प्राणी ते आपल्या शरीरात तयार करतात. गिनीपिगला ते जमत नाही, आणि आपल्यालाही नाही. ते खाण्यातूनच मिळवावं लागतं.”

“खारकीच्या खाद्यात ते पुरेसं आहे,” धन्वा म्हणाला. “पाकिटावर तसं लिहिलं आहे.”

“लिहिलं आहे,” शाल्मली सावकाश म्हणाली, “पण आत आहे का?”

आबा हसले. “तपासू या!”

त्यांनी भाताच्या पातळ पेजेत आयोडीनचा थेंब टाकला. पेज गर्द निळी झाली. जीवनसत्त्व क आयोडीनचे रूप बदलते, म्हणून निळा रंग जातो. शाल्मलीने एका पेल्यात, आबांच्या प्रयोगांसाठी राखलेल्या हरितगृहातल्या ताज्या ढोबळी मिरचीचा रस घातला. निळा रंग बघता बघता नाहीसा झाला! दुसऱ्या पेल्यात खारकीचे खाद्य भिजवून गाळलेले पाणी घातले. थेंबामागून थेंब पडत राहिले. पेज निळीच्या निळी.

“सापडलं!” शाल्मली एवढ्या जोरात उडाली, की तिचे डोके छताला लागले. “यातलं क उडून गेलंय!”

“हवा, उष्णता आणि लांबलेली साठवण,” आबा म्हणाले. “धन्वा, तुझी माहिती पाकीट भरलं त्या दिवसाची होती.”

“मान्य,” धन्वा म्हणाला. “माझी एक विनंती आहे. माणसांच्या अन्नाची पाकिटंही तपासावीत.”

सारी वस्ती कामाला लागली. निम्म्या पाकिटांची पेज निळीच राहिली! आणखी काही महिने तेच खाल्ले असते, तर लोकांच्या हिरड्यांतून रक्त आले असते. वस्तीप्रमुख रेबेकाताईंनी त्याच दिवशी हरितगृहाची दारे सर्वांसाठी उघडली. मिरचीची पहिली फोड त्यांनी स्वतः खारकीसमोर धरली.

“हिनं आधी दुखणं काढलं म्हणून आपण वाचलो,” त्या म्हणाल्या. “ती कुठंही जाणार नाही, इथंच बरी होईल.”

परतीचे यान खारकीशिवायच सुटले. हळूहळू सूज उतरली, खपली गळून पडली आणि खाली कोवळी गुलाबी कातडी दिसली. एका दुपारी पूर्ण वस्तीसमोर शाल्मलीने खारकीला मऊ गालिच्यावर सोडले. ती दोन पावले चालली. थांबली. मग गिनीपिग आनंदाने मारतात तशी तिने टुणकन उडी मारली, आणि चंद्रावरची ती उडी थेट रेबेकाताईंच्या खांद्याच्याही वर गेली! टाळ्यांचा कडकडाट झाला.

“आबा, मंगळावर जाणारे लोक वर्षानुवर्षं पाकिटंच खाणार ना?” शाल्मलीने विचारले.

“हो. का गं?”

“मग त्यांना मिरचीचं बी द्यायला हवं. आणि तपासायचं कसं, ते शिकवायला मी जाते!”