साहेबरावचा रक्तगट

अनोळखी तरुणाला मुलीनं पहिल्यांदा काय विचारावं? फार तर बस किती वाजता येते, एवढंच... मी विचारलं, "तुमचा रक्तगट कोणता?"

एकोणऐंशी सालची गोष्ट. पिंपरीतल्या एका कंपनीच्या गेटवर पाळी सुटल्याचा भोंगा नुकताच झाला होता. डबे वाजवत माणसं बाहेर पडत होती आणि मी एकेकाला अडवत होते. बहुतेक जण मान खाली घालून सटकले. हा मात्र थांबला. हाताला ग्रीस, डोळ्यांत मिश्कीलपणा.

"बी पॉझिटिव्ह," तो म्हणाला. "का हो, स्थळ बघताय?"

मी लाजायला हवं होतं, पण मी घाईनं सांगून टाकलं. "धाकट्या बहिणीसाठी... तिचाही तोच गट आहे. तिच्या हृदयाचं ऑपरेशन आहे."

त्याचं हसू विरलं. सायकल भिंतीला टेकवून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

कस्तुराच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. थोडं पळाली तरी ओठ निळे पडायचे आणि पोर मटकन उकिडवी बसायची. पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, हृदय थांबवून भोक बुजवायचं. तोवर हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम एक यंत्र करेल. पण ते यंत्र आधी रक्तानं भरावं लागतं, आणि रक्त त्याच सकाळी काढलेलं हवं. वडील नव्हते. आई, भिमाबाई, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. एकाच गटाची एवढी माणसं आम्ही आणणार कुठून?

"म्हणजे पंपाला आधी पाणी भरतात, तसंच," तो म्हणाला. "माणसं मी आणतो. मी साहेबराव."

"साहेब आहात?"

"नावापुरता. टूलरूमला फिटर आहे."

ऑपरेशनच्या दिवशी रात्रपाळी संपवून साहेबराव आणि त्याचे दोस्त कंपनीच्या बसनं थेट हॉस्पिटलात आले. "जयभीम मावशी," म्हणत एकेक जण बाही सारून आत जात होता. डोळे तारवटलेले, अंगाला तेलाचा वास. मला त्या माणसांच्या पाया पडावंसं वाटलं.

मग बाहेरच्या बाकावर आम्ही ताटकळत बसलो. आई मनातल्या मनात बुद्धवंदना म्हणत होती. यंत्र चालवणाऱ्याला साहेबरावनं सकाळीच गाठून सगळं विचारून घेतलं होतं.

"रबराच्या नळीवरनं रूळ फिरतो... असा." त्यानं आपल्या शर्टाच्या कडेवरून अंगठा हलकेच फिरवला. "जोरात दाबलं तर रक्त खराब होतं. एवढा नाजूक पंप मी जन्मात बघितला न्हाई, प्रभावती. ज्यानं केला त्याला सलाम."

वस्तीत सगळे मला प्रभाताई म्हणत. यानं 'ताई' बिनबोभाट गाळली होती. मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले, आणि मला तो आवडला... अगदी मनापासून आवडला.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. थांबवलेलं हृदय पुन्हा चालू झालं होतं. संध्याकाळी काचेतून कस्तुराची बोटं दिसली. नखं गुलाबी होती. आईनं साहेबरावचे दोन्ही हात धरले.

"तुजं रगत माज्या लेकीच्या अंगात हाय. आजपासनं तू माजा ल्योक. ह्या पोरींचा भाऊ."

साहेबराव काहीतरी बोलायला गेला, तोवर आईनं त्याच्यावरून बोटं मोडली. मी खिडकीबाहेर पाहू लागले.

कस्तुरा घरी आल्यावर तो तिच्यासाठी मोसंबी घेऊन संत तुकाराम नगरला आमच्याकडे यायचा. आई त्याला शेंगदाण्याचे लाडू खाऊ घालायची, रक्त भरून यावं म्हणून.

"उद्या येताय?" मी दारात विचारायची.

"बोलावलं तर..."

"आई बोलावतेच आहे."

"आणि तुम्ही?"

मी दार लोटून घ्यायची. आईनं त्याला भाऊ करून ठेवला होता.

भाऊबीज आली. बाकीचे सणवार आम्ही सोडले होते, पण भावाला ओवाळणं आईच्यानं सुटलं नव्हतं. तिनं पाट मांडला, साहेबरावला बसवलं आणि तबक माझ्या हातात दिलं. एकदा ओवाळलं की सगळं संपणार होतं. मी निरांजनाची वात उगाच सारखी करत राहिले.

"थांबा," साहेबराव म्हणाला. "मावशी... माझं रक्त घेतलंच न्हाई. मागल्या साली कावीळ झालती, डॉक्टरनी परत पाठवलं. माझ्या जागी दुसरा दोस्त बसला."

आई बघतच राहिली. "आन् इतके दिस लाडू हाणलेस?"

"हाणले. तुमी एवढ्या मायेनं द्यायचा... सांगायला जीभ रेटेना. पण ह्या पाटावर बसून खोटं न्हाई बोलवत. मला प्रभावतीचा भाऊ व्हायचं न्हाई."

मी तबक खाली ठेवलं. "आई, मी यांना ओवाळणार नाही," मी म्हणाले. आईला आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं.

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ऊठ पाटावरनं."

तो मुकाट्यानं उठला आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागला. मला रडू आवरेना.

"निगालास कुठं?" आई म्हणाली. "रगत न्हाई दिलंस, पर माणसं तूच आणलीस, त्ये इसरले न्हाई मी. पाट भावाचा आसतोय. तू खुर्चीत बस. आन् रविवारी तुज्या आईला घिऊन ये, आमाला बोलायचं हाय."

कस्तुरा शेजारून खुर्ची आणायला पळाली. साहेबराव दारातच उभा राहून माझ्याकडे बघत होता. मीही सरळ त्याच्याकडे बघितलं, आईसमोरच.