पांढऱ्या चादरीवर ठोंब्या

तो दुकानात शिरला तेव्हा मी इस्त्रीच्या वाफेत होते, त्यामुळे आधी दिसला तो नुसता कोट. पांढरा, डॉक्टरांचा, खिशापाशी तपकिरी डाग पडलेला. कोट काउंटरवर आला आणि कोट आणणारा माणूस... गायब!

"अहो, कधी हवाय ते तरी सांगा!" मी ओरडले.

"सांगतो ना. इथेच आहे मी," काउंटरखालून आवाज आला.

मी वाकून पाहिलं. एक उंचापुरा माणूस गुडघ्यांवर बसून ठोंब्याच्या कानात डोकावत होता. ठोंब्या म्हणजे माझा कुत्रा. अनोळखी माणसाने कान धरले तरी शेपटी हलवून आभार मानणारा, त्यामुळे नाव अगदी शोभून दिसतं.

"छान आहे हो," तो म्हणाला. "पण कानात गोचिडी झाल्यात."

माझं डोकंच फिरलं. धुलाईचं दुकान माझं. गावाचे डाग मी काढते आणि हा मला सांगतो की माझ्या कुत्र्याला गोचिडी!

"शक्यच नाही. माझ्याकडे घाण टिकत नाही."

"गोचिडीला घाण लागते कुठे? तिला रक्त लागतं. गरम आणि फुकट."

"रक्तावरून आठवलं," मी कोट उचलून त्याच्या नाकासमोर धरला. "हा डाग गरम पाण्यात बुडवलात ना? शिजला तो! रक्त गार पाण्यात धुवायचं असतं. डॉक्टर आहात ना?"

"जनावरांचा. चौकातला नवा दवाखाना..." तो कानापर्यंत लाल झाला. "हे मात्र आम्हाला कोणी शिकवलं नाही."

चूक दाखवल्यावर वाद घालत नाही, म्हणजे चांगल्या घरचा दिसतोय, असं मला वाटलं. डोळेही चांगल्या घरचेच होते. पण डोळ्यांकडे बघायला मला तेव्हा सवड नव्हती, कारण खरं सांगायचं तर गोचिडींची बातमी मला नवी नव्हतीच.

वरच्या मजल्यावर माझी मावशी राहते. घर तिचं, दुकानाची जागा तिची, आणि शब्दही शेवटचा तिचाच. त्याच आठवड्यात तिच्या उशीवर एक गोचीड फिरताना सापडली होती. मावशीने ती मला दाखवली आणि निकाल दिला. "महिनाअखेरीस मी स्वतः पांढऱ्या चादरीवर ह्याला विंचरणार. एक जरी गोचीड पडली, तर हा माझ्या दिरांच्या कोंबड्यांच्या फार्मवर. फाटकाला साखळीने बांधतील, राखण करेल." ठोंब्या आणि राखण! चोराला तो वाट दाखवेल. आणि माझ्या पायाशी झोपायची सवय असलेला तो मुका जीव साखळीला...

हे सगळं मी एका दमात डॉक्टरला सांगून टाकलं. का, ते मला अजून माहीत नाही.

त्याने बॅगेतून हातमोजे आणि बारीक टोकाचा चिमटा काढला. मी लगबगीने विचारलं, "रॉकेल आणू का? की काडीचा चटका देऊ?"

"काहीच नको. चटका बसला की ती पोटातलं सगळं कुत्र्याच्या अंगात ओकते. त्यातूनच आजार होतात. बघा... कातडीला अगदी टेकवून धरायची. पिळायची नाही, हिसका द्यायचा नाही. सरळ, सावकाश वर." त्याने एक काढून स्पिरिटच्या बाटलीत टाकली. "आता तुम्ही."

"मी?"

"कुत्रा कोणाचा?"

माझा चिमटा नुसताच केसांत फिरत राहिला. त्याने मनगटाला हलकासा आधार दिला आणि मग तर माझं गोचिडीकडे लक्षच लागेना. तरी मी ओढली. सरळ, सावकाश... आणि पाय हलवत ती अख्खी बाहेर आली!

"आली! आली!" मी इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचे दोघंजण आत डोकावून गेले.

"नखाने चिरडू नका," तो हसू दाबत म्हणाला. "बाटलीत. आणि नंतर हात धुवा. ते तर तुम्हाला सांगायलाच नको."

मग त्याने औषधाचं विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, दर महिन्याला मानेवर थेंब सोडते, एकदाही चुकलं नाही.

"आणि आंघोळ?"

"आदल्या दिवशी साबण लावून स्वच्छ. मग थेंब. मग दुसऱ्या दिवशी परत साबण... तेलकट दिसतं ना ते!"

त्याने चिमटा खाली ठेवला. ओठ घट्ट मिटले. खांदे हलायला लागले. मग मात्र तो इतका हसला, इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो, ते औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं. तुम्ही आधी ते तेल धुता, आणि नंतर औषधच धुऊन टाकता! गोचिडींना दर महिन्याला मेजवानी देताय तुम्ही."

अशी चूक धुलाईवालीच करू जाणे. मी गोरीमोरी झाले, मग मलाही हसू आलं, आणि ठोंब्या आम्हा दोघांकडे बघून उगीचच शेपटी हलवत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून लढाई सुरू झाली. अंगावर जेवढ्या दिसतात त्याच्या कितीतरी पट घरात असतात, असं तो म्हणाला. भिंतींच्या फटींत, काउंटरच्या मागे, जिन्याच्या कोपऱ्यात. कापडाचा भाग माझा. ठोंब्याचं अंथरूण, मावशीच्या उशा, पडदे, सगळं उकळत्या पाण्यात आणि मग तापलेल्या ड्रायरमध्ये. भिंतींचा भाग त्याने अंगावर घेतला. बाह्या दुमडून तो एकेक फट सिमेंटने बुजवत होता.

"डॉक्टर आहे की गवंडी?" मावशीने जिन्यावरून विचारलं.

"पडेल ते काम करतो, मावशी!"

"मावशी तिची आहे," मावशी म्हणाली. पण चहा तिने दोन कप पाठवला.

संध्याकाळी दवाखाना बंद झाला की तो यायचा. आम्ही दोघं काउंटरमागे जमिनीवर बसायचो, मध्ये ठोंब्या. कानात, पट्ट्याखाली, बगलेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. बोटं केसांतून फिरत फिरत कधीकधी एकमेकांना लागायची... आणि दोघंही ठोंब्याकडे फार गंभीरपणे बघायला लागायचो.

"तुम्ही रोज यायलाच हवं का?" मी एकदा विचारलं.

"रोज तपासायला हवं," तो म्हणाला. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण मी ठोंब्याचा पुढचा पंजा तपासायला घेतला.

नवे थेंब टाकले त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी ठोंब्याने गटारात यथेच्छ लोळण घेतली. काय तो वास! माझे हात शिवशिवायला लागले. मी बादली भरली, साबण घेतला... तेवढ्यात दारातून तो धावत आला आणि त्याने माझं मनगट धरलं.

"नाही. उद्या संध्याकाळपर्यंत पाणी नाही."

"मला बघवत नाही हो!"

"डोळे मिटा."

मी मिटले. मनगट त्याच्याच हातात होतं. गटाराच्या त्या वासात उभी राहून मला आयुष्यात इतकं छान कधीच वाटलं नव्हतं. मला तो आवडला होता. फार आवडला होता, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. साबण मी स्वतःहून खाली ठेवला, आणि ठोंब्याला आम्ही कोरड्या फडक्यांनी पुसून काढलं.

अखेर तपासणीचा दिवस उजाडला. मावशीने माझ्याच दुकानातली सर्वांत शुभ्र चादर पसरली, चष्मा लावला, बारीक दातांचा कंगवा घेतला. "डॉक्टरांनी मध्ये बोलायचं नाही," तिने बजावलं. "पेशंट तुमचा, तुम्ही त्याचीच बाजू घेणार."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. मावशी विंचरू लागली. कान... काही नाही. मान... काही नाही. बगला, पोट, पंजे. मी श्वास धरून बसले होते. आता फक्त शेपटी राहिली होती. कंगवा फिरला आणि चादरीवर काहीतरी पडलं.

करड्या रंगाचं. एवढंसं.

"झालं," मावशी म्हणाली. "ठरल्याप्रमाणे—"

डॉक्टर एक पाऊल पुढे आला, तोंड उघडलं, आणि मावशीची ताकीद आठवून तिथेच थांबला. ठोंब्या माझ्याकडे बघत होता. साखळी, फाटक, सगळं डोळ्यांसमोर आलं, आणि मी चिमट्याने ती गोचीड उचलली. उजेडात धरली. पाय आखडलेले. अंग सुरकुतलेलं. फुंकर मारली, हालचाल नाही.

"मावशी, ही मेलेली आहे."

"गोचीड ती गोचीड."

"नाही!" मावशीसमोर एवढा चढा आवाज मी कधी काढला नव्हता. "बाहेर गवत आहे, रस्ते आहेत, नव्या गोचिडी चढतच राहणार. त्याला कोण काय करणार? पण ही चढली आणि मेली! रक्त पिऊन फुगलीसुद्धा नाही. म्हणजे औषध लागू पडलंय. उशीवर सापडली ती टम्म होती, आणि चालत होती. ही बघ. ही आपण हरल्याची खूण नाही मावशी, जिंकल्याची आहे!"

मावशीने चष्मा नाकावर सरकवला. कंगव्याच्या टोकाने गोचिडीला ढोसलं. पुन्हा ढोसलं. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच पाहुणी म्हणून आले होते.

"एवढं बोलता येतं होय तुला!" ती म्हणाली. "बरं. राहू दे त्याला."

मी किंचाळले! ठोंब्याच्या गळ्यात पडले, त्याने माझा चष्मा नसलेला चेहरा आणि मावशीचा चष्मा दोन्ही चाटून काढले.

"आता बोला, डॉक्टर," चष्मा पुसत मावशी म्हणाली. "उद्यापासून रोज यायची गरज नाही ना?"

"नाही... म्हणजे..." तो अडखळला. "गरज तशी कधीच नव्हती. तिला पहिल्याच दिवशी सगळं जमलं होतं."

"मग रोज कशाला येत होता?"

तो माझ्याकडे बघत राहिला. कान पुन्हा लाल झाले होते.

"तिच्यासाठी," तो म्हणाला. "ठोंब्याची माफी मागून सांगतो... तिच्यासाठी."

माझं काळीज असं धडधडलं की बस! आणि एकदा आवाज चढवलाच होता, तर आता खाली कशाला आणायचा?

"मग इतके दिवस चिमटा धरून काय बसला होतास?" मी म्हणाले. "आधी बोलायचं ना! मी तर कधीची हो म्हणून बसले आहे!"

"हो?" त्याला खरंच वाटेना. "म्हणजे... हो?"

"हो रे बाबा, हो!" हे मावशी म्हणाली. मग तिने चादर गोळा केली आणि माझ्या हातात कोंबली. "ही धुवायला टाक आधी."

"नंतर," मी म्हणाले, आणि चादर खुर्चीवर फेकून ठोंब्याचा पट्टा उचलला. माझ्या दुकानात मळलेलं कापड असं पडून राहायची ती पहिलीच वेळ.

बाहेर उन्हं कलली होती. त्याने माझा हात हातात घेतला, या वेळी आधार द्यायला नाही. रस्त्याच्या टोकाला मैदान होतं, गुडघाभर गवताने भरलेलं. ठोंब्याने तिकडे ओढ घेतली आणि मी सवयीने पट्टा आखडला.

"सोड की," तो म्हणाला. "परत आल्यावर दोघं मिळून तपासू."

मी पट्टा सोडला. ठोंब्या गवतात शिरला, आणि त्याच्यामागून आम्ही दोघंही धावलो.