हिरव्या दोऱ्याची पिशवी

"ते आधी खाली ठेवा!"

मितालीचा आवाज असा चढला, की रघूशेठ सोनारांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. शहापूरच्या त्या चिंचोळ्या दुकानात ती पैंजणाची कडी जुळवून घ्यायला आली होती. आणि बाकावरच्या एका परक्या तरुणाच्या तळहातावर तिला दिसली... खाकी कापडाची, हिरव्या दोऱ्यानं शिवलेली इवलीशी पिशवी.

अशी पिशवी उभ्या तालुक्यात एकच माणूस शिवायचा. जयराम टेलर, तिचे बाबा. रघूशेठकडे मोडीत आलेल्या चांदीतून ते जुनी नाणी शोधून काढत आणि शाळेच्या चड्ड्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून प्रत्येक नाण्याला पिशवी शिवत. त्यांतली चार इराणच्या जुन्या राजांची होती, दीड हजार वर्षांपूर्वीची. श्रावणात बाबा गेले, तेव्हा चारांतलं एक सापडलं नव्हतं.

"चोरलंत?"

"परत द्यायला आलोय," तो गडबडून उभा राहिला. "मी सुयोग. वैशाखऱ्याला शाळेत शिकवतो. नाण्यावरची अक्षरं वाचून घ्यायला काकांनी दिलं होतं. मुंबईच्या जाणकारांकडनं परवा मिळालं. इथं आलो, तर काकांच्या दुकानाला कुलूप..."

"खरं बोलतोय गो," रघूशेठ म्हणाले. "जयरामनं माझ्यासमोरच दिलेलं."

तो खरं बोलत होता, याचाच तिला जास्त राग आला. बाबांनी हे तिला का सांगितलं नव्हतं?

उरलेली तीन नाणी बघायची त्याची फार इच्छा होती. रघूशेठनी भीड घातली म्हणून ती त्याला सापगावला घरी घेऊन गेली. आईनं, सुंदरानं, चहा टाकला. मितालीनं तीन नाणी ताटलीत मांडली. लखलखीत. सुयोगचा चेहरा उतरला.

"ही... कशानं घासलीत?"

"चिंच आणि राखेनं. धनत्रयोदशीला. यंदा सण नव्हता करायचा, पण घरातली चांदी काळी कशी ठेवायची?"

"अहो, जुन्या नाण्यावरचा काळेपणा कुणी काढतं का? काका तर नुसता अंगठा फिरवायचे..."

तो थांबला. उशीर झाला होता.

दर रविवारी दारात बसून, नाण्यांवर अंगठा फिरवणारे बाबा. वीस वर्षांचा तो अंगठा तिनं स्वतःच्या हातांनी खरवडून टाकला होता.

"आता मला शिकवा तुमी! बाप माझा होता का तुमचा?"

खाकी पिशवी त्यानं हळूच तिच्यापुढे सरकवली. "हे एक राहिलंय. जसंच्या तसं."

तिनं नाणं बाहेर काढलं. पंखांचा मुकुट घातलेला राजा. मागे अग्नीची वेदी, दोन्ही बाजूंना दोन राखणदार. काळंभोर. मिताली त्याचा रिकामा कप उचलून मोरीवर गेली, आणि तो एक कप तिनं फार वेळ धुतला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा दारात.

"माझ्याकडं पण एक इराणी नाणं आहे. पिशवी शिवाल... काकांसारखी?"

बाबा गेल्यापासून त्यांचं घरातलं मशीन झाकलेलं होतं. रिळावर हिरवा दोरा तसाच होता. तिनं शिवली. पुढच्या रविवारी त्यानं 'दुसरं' आणलं. मग 'तिसरं'.

"ह्या मास्तरकडं खजिना हाय का गो?" आई पदराआड हसली.

चौथ्या रविवारी मितालीनं नाणं उजेडाला धरलं, आणि तिचा संयम सुटला.

"राजाच्या कानाशी टवका आहे, मास्तर! चारही वेळा हेच आणलंत! टेलरच्या पोरीला नाणं ओळखता येत नाय वाटलं? दुसऱ्या रविवारीच ओळखलं होतं मी!"

सुयोगनं मान खाली घातली. "एकच आहे हो माझ्याकडं. पण ते सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारी काय सांगून आलो असतो?"

"सरळ बोलायला तोंड नाय?"

"पहिल्याच दिवशी चोर म्हणालात... धीर होत नव्हता. मिताली, तुमी मला आवडता." मग त्यानं हळूच वर पाहिलं. "पण दुसऱ्या रविवारी ओळखलंत, तर बोललात का नाय तेव्हाच?"

मितालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"...कापड शिल्लक होतं," ती कशीबशी म्हणाली.

आत चहाच्या भांड्यावर झाकण जरा जास्तच जोरात आपटलं.

तिनं खाकी तुकडा ओढला, मशीनवर बसली. शिवून झाल्यावर दोरा दातानं तोडला. एका बाजूनं त्याचं टवक्याचं नाणं सरकवलं, दुसऱ्या बाजूनं बाबांचं काळं.

"हे आता इथंच राहणार. बघायचं असलं, तर यायचं."

"अहो, पण दोन नाणी एका पिशवीत घासली जातात—"

"मधे शिवण घातलीये!" ती कडाडली. "मला शिकवू नका!"

तो हसला. आणि या खेपेला तिलाही हसू आवरलं नाही.