कोरा काळ

स्वतःच्याच कबरीला चुना लावायची वेळ आली तेव्हा पहिल्या वर्षी उजागरे सर जरा बिचकले होते. पुढे सवय झाली. नगरच्या त्या जुन्या ख्रिस्ती कबरस्तानात येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, प्रत्येक घर आपल्या माणसांच्या कबरी साफ करतं, चुन्यात चिमूटभर नीळ कालवून त्या रंगवतं. रविवारी पहाटे सगळी मंडळी तिथेच उपासनेला जमते. उजागऱ्यांच्या घरात रंगवणारी माणसं दोन होती, सर आणि त्यांची बायको रिबका. कबर एकच होती. तिच्यावरच्या दगडात कोरलं होतं, 'सीलास उजागरे, प्रभूमध्ये निद्रिस्त'. दगडाचा खालचा भाग रिबकाबाईंसाठी मोकळा ठेवलेला होता.

सर कुंचला फिरवायला लागले की शेजारच्या कबरीवरून कुणीतरी हमखास विचारायचं, "काय सर, खालच्यांची तब्येत काय म्हणते?" सरही हसून म्हणायचे, "माझ्यापेक्षा बरी. त्यांना गुडघेदुखी नाही."

परत आलेली माणसं आता नवलाची राहिली नव्हती. जिवंत माणसाच्या शरीरातली प्रत्येक पेशी कुठे आहे, कशी आहे, कुणाला कशी जोडलेली आहे, याची संपूर्ण नोंद त्यासाठी उभारलेल्या केंद्रात घेतली जाई. तिला ठसा म्हणत. माणूस गेल्यावर त्या ठशावरून तसंच शरीर पुन्हा उभं करायचं, ही पुनर्घडण. चेहरा तोच, आवाज तोच, आठवणी त्याच. सरांना अजूनही सातवीच्या वर्गाला शिकवलेल्या सगळ्या नद्या उगमासकट पाठ होत्या, आणि चर्चमधली पेटी त्यांच्या हाताखाली पूर्वीसारखीच एका सुरात किंचित रुसायची.

ते परत आले तो त्यांच्याच वर्षस्मरणाचा आठवडा होता. स्वतःच्या नावाने ठेवलेल्या जेवणात त्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला, आणि पाहुण्यांना हसावं की रडावं कळेना. चर्चच्या पाळक लोंढ्यांपुढे निराळाच पेच होता. लग्नातली शपथ मरणाने वेगळं करेपर्यंतची. मरणाने तर वेगळं केलं होतं. मग हे दोघं नवरा-बायको आहेत की नाहीत? पाळकसाहेबांनी वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी आणखी वरच्यांना, आणि ते उत्तर अजून यायचंय. शेवटी रिबकाबाईंनीच निकाल लावला. "घर मोठंय," त्या म्हणाल्या. "राहू द्या त्यांना."

हे वाक्य सरांच्या मनात काट्यासारखं राहिलं. 'राहू द्या त्यांना.' पाहुण्याबद्दल बोलावं तसं. तक्रार करायला मात्र जागा नव्हती. अकरा वर्षं रिबकाबाईंनी त्यांचं सगळं केलं. वेळेवर चहा, वेळेवर औषध, रविवारी इस्त्रीचा सदरा. फक्त कधीकधी जेवताना त्या सरांकडे अशा बघायच्या की सरांना वाटायचं, माझ्या मागे कुणी उभं आहे का?

रिबकाबाईंच्या डाव्या भुवईवर एक वण होता. सर परत आले तेव्हा तो त्यांना नवा होता. त्यांनी विचारलं होतं, "हे काय लागलं गं?"

"मोरीत पाय घसरला," रिबकाबाई म्हणाल्या होत्या.

आणि सरांनी एकदा धीर करून दुसरंही विचारलं होतं. "मी कसा गेलो?"

"शांतपणे," त्या म्हणाल्या होत्या. हयातभर नर्सची नोकरी केलेली बाई ती. मेलेल्या माणसाच्या नातेवाइकांना काय सांगायचं ते तोंडात बसलेलं असतं.

सरांना स्वतःचं मरण ठाऊक नव्हतं, आणि कुठल्याच परत आलेल्याला ते ठाऊक नसतं. याचं कारण साधं आहे. ठसा जिवंतपणी, आणि तोही शरीर धड असताना घ्यावा लागतो. दुखणं बळावलं, वेदनाशामक औषधं सुरू झाली की मेंदूची नोंद पुसट येते. म्हणून ठसा घेतल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंतचे दिवस परत येणाऱ्याकडे नसतात. केंद्रातले लोक त्याला कोरा काळ म्हणतात. सरांचा कोरा काळ एका पावसाळ्यापासून नाताळापर्यंतचा होता.

सर परत आल्याला अकरा वर्षं होत आली, त्या वर्षी पावसाळा संपता संपता रिबकाबाईंच्या पोटात गाठ निघाली. औषधांच्या पलीकडची.

केंद्राच्या डॉक्टर शलाका नाडगौडा स्वतः घरी आल्या. सरांची पुनर्घडण त्यांनीच केली होती, त्यामुळे सरांकडे त्या थोड्या मालकीच्या कौतुकाने बघायच्या.

"ठसा आत्ताच घेऊ या," त्या म्हणाल्या. "पुनर्घडण करायची की नाही ते नंतर ठरवा. बाई, तुमच्या तोंडून होकार आल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. आणि दिलेला होकार शेवटपर्यंत मागे घेता येतो."

"ठसा घ्या हो, त्याला काय दुखतंय," रिबकाबाई म्हणाल्या. "पण मला एक सांगा. हे समोर बसलेत, हे कोण आहेत?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

डॉक्टरांना हा प्रश्न रोजचाच होता. "बाई, आपल्या शरीरातलं द्रव्य सारखं बदलत असतं. दहा वर्षांपूर्वी तुम्ही ज्या द्रव्याच्या होतात, त्यातलं आज तुमच्यात फार थोडं उरलंय. तरी तुम्ही तुम्हीच. म्हणजे माणूस द्रव्यात नसतो, रचनेत असतो. दोरीला गाठ मारली, आणि तीच गाठ सरकवत सरकवत पुढच्या दोरीवर नेली, तर गाठ तीच ना? दोरी बदलली इतकंच."

"गाठ तीच," रिबकाबाई म्हणाल्या. "पण माझी पहिली दोरी तिकडं कबरीत ठेवलीय मी. या हातांनी माती टाकलीय."

"ती गाठ मृत्यूबरोबर सुटली, बाई."

"सुटली ना? मग ती पुन्हा बांधणारा वेगळा आहे. त्याच्यावर भरवसा ठेवूनच आम्ही माणूस मातीत ठेवतो. तुम्ही बांधली ती दुसरी गाठ." मग सरांचा चेहरा पाहून त्या घाईने म्हणाल्या, "वाईट नाही म्हणत हं मी. चांगलीच बांधलीय."

ठसा झाला. दुखणं वाढत गेलं, आणि घरात फक्त ती दोघं उरली. सर पेज करायला शिकले, अंग पुसायला शिकले. चादर बदलताना माणसाला दुखू न देता कुशीवर कसं वळवायचं ते रिबकाबाईंनीच त्यांना शिकवलं. सरांना दिवसभर एकच घोर होता. ही गेली आणि हो म्हटलं नाही, तर आपलं काय? बाकीच्या माणसांना निदान एवढी आशा असते की पलीकडे भेट होईल. सरांनी पाळकसाहेबांना गाठून विचारलंही होतं, "शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल तेव्हा कबरीतून ते उठतील. रिबका त्यांच्याजवळ जाईल. मी कुठं उभा राहायचं?"

पाळक लोंढे प्रामाणिक माणूस. "सर, मला नाही माहीत," एवढंच म्हणाले.

नाताळाच्या सुमारास रिबकाबाई बदलल्या. वेदनेने माणूस कडू होतो हे त्यांनी शेकडो खाटांवर पाहिलं होतं, पण स्वतःच्या वेळी त्याचा काही उपयोग होत नाही. सरांच्या हातचं पाणी त्या घेईनात. "तुम्ही नको," त्या ओरडायच्या, "त्यांना बोलवा. माझ्या माणसाला बोलवा!" एका दुपारी सर त्यांना उठवून बसवत असताना कळ आली, आणि त्यांनी सरांच्या मनगटात नखं रुतवली. इतकी खोल की रक्त चादरीवर सांडलं. सरांनी हात सोडवून घेतला नाही. कळ ओसरेपर्यंत तसेच बसून राहिले.

ओसरल्यावर रिबकाबाई त्या मनगटाकडे पाहत राहिल्या. मग स्वतःच्या भुवईला बोट लावून म्हणाल्या, "हे मोरीत नाही लागलं."

"मग?"

"त्यांनी फेकून मारला. पितळी तांब्या. तुम्ही विचारलंत ना, कसा गेलो? शांतपणे नाही गेले ते. लई भ्याले होते. देवाला शिव्या दिल्या, पाळकांना दारातून हाकललं. मी पाणी घेऊन गेले तर तांब्या घेतला आन् फेकला माझ्या तोंडावर."

"मी? मी असं केलं? रिबका, मला माफ—"

"तुम्ही नाही केलं," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "तेच तर दुखणं आहे माझं. तुम्ही कशाला माफी मागता? त्यांनी मागितली होती. वाचा गेली होती, तरी शेवटच्या दिवशी हात उचलून इथं वणावर ठेवला. अन् रडले. तेवढ्यानं सगळं मिटलं आमचं. आख्ख्या संसारात नव्हतो इतके जवळ होतो आम्ही त्या दिवशी."

मग रिबकाबाईच पुढे म्हणाल्या, "येशू उठला तेव्हा अंग नवं होतं. पण हातावर खिळ्यांचे वण होते. ज्या शिष्याला शंका होती, त्याला तेच दाखवले त्यानं. मरणातून गेला अन् पलीकडं निघाला, म्हणून वण होते. तुम्ही मरणातून नाही आलात. अलीकडूनच वळसा घालून आलात. त्यात तुमचा दोष नाही. पण अकरा वर्षं मी तुमच्या अंगावर ते मरण शोधत होते."

सर रडले. लहान मुलासारखे, आवाज करून रडले. आणि रिबकाबाईंनी त्यांचं ते फाटलेलं मनगट हातात घेतलं, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सरांना वाटलं की ही आपल्याकडे बघते आहे, मागे कुणाकडे नाही.

"दुखलं का?" त्यांनी विचारलं.

"दुखलं."

"माफ करा मला."

"केलं," सर म्हणाले.

पुढचे थोडे दिवस त्या दोघांचे होते. त्यांत फार काही घडलं नाही. सरांनी घरातली पेटी खाटेजवळ ओढली आणि हळू वाजवत राहिले. एकदा त्यांनी विचारलं, "तिथं त्यांना माझ्याबद्दल सांगशील?"

"सांगीन की त्यांना, पेटी तुमच्यापेक्षा बरी वाजवतो म्हणून." हसताना त्यांना धाप लागली. मग म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलवा. होकार देते."

"रिबका?"

"मी त्यांच्याकडं चाललेय. पण तुम्ही एकटं जेवायला बसलेले मला बघवणार नाही. तुमच्याजवळ एक ठेवून जाते."

सरांना इतका आनंद झाला की त्या वाक्याचा अर्थ त्यांच्या ध्यानातच आला नाही. डॉक्टर आल्या, होकार ऐकून गेल्या. जानेवारीत रिबकाबाई गेल्या. सरांनी कबर उघडायला लावली, त्या पहिल्या उजागऱ्यांशेजारी त्यांना ठेवलं, आणि स्वतःच्या हातांनी माती टाकली. दगडाचा मोकळा भाग भरला.

उन्हं तापायला लागली तेव्हा केंद्राच्या गाडीतून रिबकाबाई उतरल्या. चेहरा भरलेला, पाऊल हलकं. घरात शिरल्या शिरल्या म्हणाल्या, "अगंबाई, पडद्यांची काय दशा करून ठेवलीत!" आणि पदर खोचून कामाला लागल्या. सर दारात उभे राहून बघत राहिले. तीच बडबड, तीच भुवई, भुवईवर तोच वण. हीच तर मागितली होती त्यांनी. मग आत पाऊल का टाकवत नाही?

"मी कशी गेले हो?" जेवताना त्यांनी विचारलं.

"शांतपणे," सर म्हणाले.

रिबकाबाईंनी घास तोंडाशी नेता नेता त्यांच्याकडे पाहिलं. नर्स होत्या त्या. त्यांनी घास पुन्हा ताटात ठेवला. सरांना जाणवलं की आपण त्यांच्याकडे बघत नाही आहोत. त्यांच्या मागे, रिकाम्या खाटेकडे बघतो आहोत.

सणाच्या आधीचा शनिवार आला. दोघं चुन्याची बादली घेऊन कबरस्तानात गेली. ऊन कडक होतं. दूर चर्चमध्ये पोरं उद्याचं गाणं बसवत होती आणि एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा अडत होती. रिबकाबाईंनी दगडावर आपलं नाव वाचलं, "अक्षर बरं काढलंय," म्हणाल्या, आणि एका बाजूने रंगवायला घेतलं. सरांनी बाही सारून दुसरी बाजू घेतली.

"ते मनगटाला काय लागलं हो?"

सरांनी काही ठरवलं नव्हतं. शब्द आपोआप आले. "मोरीत पाय घसरला."

रिबकाबाईंचा कुंचला थांबला. चुन्याने माखलेला हात हळूहळू भुवईकडे गेला. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग मनगटाकडे, मग पुन्हा सरांकडे.

"म्हणजे मी सांगितलं तुम्हाला. तांब्याचं."

"तिनं सांगितलं," सर म्हणाले.

त्यांनी सरांच्या मनगटाकडे बोट केलं. "आन् हे? हे मी केलं?"

"नाही गं. तू नाही केलंस."

सरांना त्यांचं समाधान करायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं आणि सरांना कळलं, अकरा वर्षं आपल्याला जे ऐकावं लागू नये म्हणून ती बाई गप्प बसली होती, ते, म्हणजे 'तू ती नाहीस' हे, आपण पहिल्याच सणाला हिला सांगून बसलो. हिने माफी मागावी तर हिने काही केलं नव्हतं. जिने केलं होतं तिने मागून झाली होती, मिळूनही झाली होती, आणि ती चुन्याच्या या पातळ थराखाली आपल्या माणसाशेजारी निजली होती. त्या दोघांचं आपसात काही मिटायचं राहिलं नव्हतं.

"नीळ कमी पडली वाटतं," रिबकाबाई म्हणाल्या आणि डोळे पुसून त्यांनी कुंचला पुन्हा बादलीत बुडवला. उरलेली कबर दोघांनी दोन बाजूंनी रंगवली.